पाणी आवाज बदलतं तिथं

"अहो, हळू बोला ना. मी स्वयंपाकघरात आहे, पैलकाठाला नाही."

*

अंडीवालीच्या टोपलीवर ओलं फडकं असतं. पूर्वी ते मधोमध फुगलेलं असायचं. हल्ली सपाट असतं.

*

त्या देशाचं नाव रोज वेगळं ऐकू येई. कुणी कुणाला दुरुस्त करत नसे, कारण कुणालाच खात्री नव्हती.

*

वल्ही पाण्याबाहेर उचलून बाप म्हणायचा, "ऐक."

*

उकळत्या हौदातून चादरी काढणाऱ्या बाईची बोटं संध्याकाळपर्यंत पांढरीफटक होतात. सकाळी ती पुन्हा माणसाची असतात.

*

"महिनाभर बघतो. डिझेलचा खर्च पाव हिश्शानं कमी झाला तर चालवू. नाहीतर बंद."

"काय?"

"बंद! लाँच बंद करणार!"

"बंद कशाला पडेल? आत्ताच तर घेऊन आलो."

मेहुण्यानं सारंगाच्या हातातून फोन काढून घेतला, चार वेळा "हो साहेब" केलं आणि तो खिशात टाकला. मग धक्क्यावर उभं राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून, तो सारंगाच्या कानात ओरडला.

"दाजी, ठेकेदार म्हणतोय, तिकडं लांब एक देश दुसऱ्या देशात घुसलाय. म्हणून डिझेल महाग झालंय. म्हणून आपण बंद."

सारंगानं विचार केला.

"आपण कुणात घुसलोय का?"

"नाही."

"मग?"

"मग तेच तर!"

लाँच चालवतो त्याला सारंग म्हणतात. याचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही घेत नसे. बापाची वल्ह्यांची नाव जाऊन लाँच आली तेव्हा हा तरुण होता आणि सुकाणूची जागा नेमकी इंजिनाच्या डोक्यावर होती. कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग बायको गेली, म्हणजे तिचा आवाज. मग फोन. कापसाचे बोळे कानात घालून तो उभा राही आणि समोर बाकांवर बसलेल्या माणसांची तोंडं उघडताना-मिटताना पाही. उभा जन्म त्यानं ही माणसं इकडून तिकडं नेली होती आणि ती आपसांत काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

इकडच्या काठाला घरं होती. तिकडच्या काठाला बाजार, दवाखाना, कचेऱ्या. पूल होता, पण नदीच्या वरच्या अंगाला इतका लांब की बसनं वळसा घालून जाईपर्यंत निम्मी सकाळ संपे आणि अंडीवालीची अर्धी अंडी फुटत.

*

इंजिन चालू असताना लाँचवर गप्पा अशा होत :

"काल म्हणे त्यांचं — — धरणच —"

"काय?"

"धरण! धरण उड— —"

"कोंबड्यांचं खाद्य केवढ्याला झालंय ठाऊक — — तोफा तिकडं उडतात नि माझ्या कोंबड्या इकडं उपाशी!"

"तुझ्या कोंबड्यांनी — — पाठिंबा दिला होता?"

"काय?"

"काही नाही!"

मोठ्यानं बोलायची इथं सगळ्यांनाच सवय. या घाटावरचा माणूस बाजारात नुसता भाव विचारायला लागला तरी भांडण चाललंय असं वाटतं. त्यातही सगळ्यांत मोठा आवाज रेडिओचा. रेडिओ म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ. कामधंदा काही नाही, पण रोज सकाळच्या खेपेला हजर. पैलकाठाला जायचं, वाचनालयात बसायचं, दुपारी परत. जाताना कालच्या बातम्या द्यायच्या, येताना आजच्या.

"आपल्याकडं घुसले तर काय करशील रे?" एकदा त्यानं मेहुण्याला विचारलं.

"घुसणार कसे? लाँचनंच यावं लागेल. मी तिकीट मागणार. सुट्टे नाहीत म्हणणार. कंटाळून परत जातील."

आणि सगळ्यांत पुढं, नाळेजवळच्या बाकावर, जिथं पाणी उडतं म्हणून कुणी बसत नाही, तिथं पाहुणी बसे. घुसले होते त्या देशातली ती. आईला घेऊन आली होती, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत राहायची आणि पैलकाठाच्या दवाखान्यात चादरी धुवायची. 'पाहुणी' हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही. सुरुवातीला त्यात थोडा टोमणा होता. पुढं वापरून वापरून गुळगुळीत झालं.

*

बंद व्हायचं म्हटल्यावर सारंगाला बाप आठवला.

नदी तिथं वळण घेते. मधल्या जुन्या खांबापर्यंत नेटानं जावं लागतं, पण खांब ओलांडला की प्रवाह आपसूक पैलकाठाकडं ओढतो. बाप तिथं वल्ही वर घेई. नाव जाऊ देई. आणि एका ठिकाणी पाणी आवाज बदलतं, बुडबुड संपून बारीक सरसर सुरू होते. त्या क्षणी सुकाणू वळवायचं. आधी वळवलं तर ओढ सुटते. उशीर झाला तर धक्का मागं राहतो आणि नाव वाळूच्या दांड्यावर चढते. खूण धरून ठेवावी असं तिथं काही नाही, कारण पाणी चढेल-उतरेल तशी जागा रोज सरकते. ऐकावंच लागतं.

"आणि ते तुम्हाला ऐकू येणार?" बायको म्हणाली. मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं.

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी खांब ओलांडला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

*

इंजिन बंद.

पहिल्यांदा सगळे ओरडले. बिघडलं, बुडलो, अरे बघ काय झालं ते. मग आपण केवढ्यानं ओरडतोय ते ज्याचं त्याला ऐकू आलं आणि एकेक जण खजील होऊन गप्प झाला. अंडीवाली "अगं बाई" म्हणाली आणि स्वतःच दचकली. लाकूड कुरकुरत होतं. कुणाच्या तरी पिशवीत डबा वाजत होता. काठावर कुत्रं भुंकलं आणि ते भुंकणं इथपर्यंत आलं.

सारंगानं कानातले बोळे काढले. त्याला सगळं ऐकू आलं असं नाही. पण डबा ऐकू आला. "अगं बाई" ऐकू आलं. कितीतरी वर्षांनी लाँचवर माणसं आहेत असं त्याला वाटलं.

पाणी मात्र ऐकू येईना. मान वाकडी करून, डोळे मिटून, कान पुढं करून पाहिलं. कापसासारखी शांतता. लाँच वाहत होती आणि आता, की आता, की होऊन गेलं, याचा त्याला पत्ता नव्हता.

पुढच्या बाकावरून एक हात वर झाला. पाहुणी मागं वळली नव्हती. तळवा उघडा, बोटं जुळलेली, सरळ वर. वर्गातल्या मुलीचा नव्हे, रस्त्यावरच्या पोलिसाचाही नव्हे. हे काम केलेल्या माणसाचा हात.

सारंगानं सुकाणू वळवलं. लाँच धक्क्याला इतकी हळू लागली की मेहुणा दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

*

मग रोज तसंच. खांब, इंजिन बंद, हात, धक्का. येताना प्रवाहाविरुद्ध पुरं इंजिन लागे, पण जाताना डिझेल वाचे.

आणि त्या मधल्या तुकड्यात लोक हळू बोलायला शिकत होते. काहींना जमत होतं. अंडीवाली एकदा सुनेबद्दल इतकं हळू बोलली की बोलून झाल्यावर तिला रडू आलं; ओरडून सांगताना कधी आलं नव्हतं. मेहुणा गुणगुणतो हे सारंगाला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं त्याला वाटे, याला काहीतरी चघळायची सवय आहे.

"मला बरं वाटतं गं," तो बायकोला म्हणाला. दिवेलागण झाली होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "लढाई झाली म्हणून डिझेल वाढलं. डिझेल वाढलं म्हणून इंजिन बंद. इंजिन बंद म्हणून हे सगळं. आणि तिकडं माणसं मरतायत. बरं वाटतं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटतं."

"मग दोन्ही वाटू दे," ती म्हणाली. "फक्त इतकं ओरडून सांगू नका. शेजारी ऐकतायत."

*

रेडिओला मात्र जमत नव्हतं.

त्याचा मुलगा काचेच्या कारखान्यात होता. भट्टी गॅसवर. गॅस परवडेना म्हणून मालकानं भट्टी विझवली. काचेची भट्टी एकदा विझली की आतली काच गोठते आणि भट्टीच फुटते, पुन्हा पेटवायला काही उरत नाही. मुलगा आदल्या दिवशी घरी आला होता, हातमोज्यांची जोडी घेऊन.

हे रेडिओनं कुणाला सांगितलं नव्हतं. बातम्या देणाऱ्याला घरची बातमी देता येत नसावी. खांब जवळ येत होता, इंजिन धडधडत होतं आणि तो अंडीवालीच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होता :

"पहिल्याच दिवशी हात वर करून मोकळं व्हायचं ना! — — काय मिळवलं? यांच्या हट्टापायी —"

सारंगानं इंजिन बंद केलं.

"— माझा मुलगा घरी बसलाय!"

वाक्य लाँचवर तसंच उभं राहिलं. त्याला बसायला जागा नव्हती. अंडीवालीनं फडकं उगाच सारखं केलं. मेहुण्यानं दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. रेडिओचं तोंड उघडंच होतं.

पाहुणी वळली. तिचा चेहरा सगळ्यांनी नीट पाहिला तो बहुधा तेव्हाच.

"माझी आईपण असंच म्हणते," ती म्हणाली.

मग ती पुन्हा पुढं वळली आणि वेळ झाल्यावर तिनं हात वर केला.

*

दुसऱ्या दिवशी पुढचा बाक रिकामा होता.

सारंगानं थोडा वेळ वाट पाहिली. लोक घड्याळाकडं बघायला लागले, तेव्हा निघाला. खांब ओलांडला. इंजिन बंद केलं. करायला नको होतं, पण महिना संपत आला होता आणि पाव हिश्शाची बचत थोडक्यात राहत होती. डोळे मिटून त्यानं बापाला ऐकायचा प्रयत्न केला. बाप ऐकू आला. पाणी नाही आलं.

धक्का शेजारून गेला. सगळ्यांनी तो जाताना पाहिला. इंजिन खोकलं, दोनदा, तिसऱ्यांदा लागलं, तोवर लाँचनं वाळूत पोट टेकलं होतं.

"उतरा," मेहुणा म्हणाला. "आज तिकिटात पायी प्रवासही आहे."

चपला हातात घेऊन माणसं गुडघाभर पाण्यातून निघाली. अंडीवालीनं टोपली डोक्यावर घेतली आणि मधेच थांबून रेडिओकडं वळली.

"बोललात ना? घ्या आता. ती असती तर मी आत्ता बाजारात बसले असते."

"मी तिला काही बोललो नव्हतो."

"नाही. हात आम्हीच वर करायचे होते ना? आम्हालाच बोललात."

रेडिओ पँट वर खोचून पाण्यात उभा होता. पहिल्यांदाच त्याच्याकडं देण्यासारखी बातमी नव्हती.

ठेकेदाराचा फोन दुपारच्या आत आला. मेहुण्यानं तो कर्णा करून सारंगाला सांगितला : "एकदा सोडलं म्हणतोय. पुन्हा रुतली तर महिना संपायची वाट बघणार नाही."

*

संध्याकाळी सारंग आणि रेडिओ औषधाच्या दुकानावरचा जिना चढले. अंडीवालीनं सहा अंडी कागदात गुंडाळून दिली होती. ती रेडिओच्या हातात होती आणि त्यामुळं तो लहान मुलाला धरल्यासारखा चालत होता.

खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले दोन पांढरे डगले. खुर्चीत आई. तिला इकडची भाषा येत नव्हती. पाहुणीनं दार उघडलं आणि दोघांना आत घेतलं.

रेडिओनं दुपारभर पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. मुलापासून सुरू केलं. भट्टीपर्यंत आला. भट्टी फुटते कशी ते सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखा चढला, मग त्याचा त्यालाच ऐकू आला आणि खाली आला. "तर मला असं म्हणायचं होतं," तो म्हणाला आणि पाठ केलेलं संपलं. "मुलगा हातमोजे टेबलावर ठेवून बसलाय हो. काढून टाक म्हणवत नाही."

पाहुणीनं हे सगळं आईला तिच्या भाषेत सांगितलं. आई बराच वेळ बोलली. हात हलवून बोलली, खिडकीकडं बोट दाखवलं, एकदा छातीवर हात ठेवला. सारंगाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि रेडिओला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळं दोघंही सारखेच बसले होते.

"काय म्हणतात?" शेवटी रेडिओनं विचारलं.

"म्हणते, चहा घ्या."

"एवढंच?"

"बाकीचं मुलाबद्दल आहे."

कुठल्या मुलाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. कप हातात आल्यावर सारंग म्हणाला, त्याच्या मते हळू, "उद्या या. तुम्हाला कुणी बोलायला धजणार नाही."

दुकानातला औषधवाला खालून वर बघत असणार.

पाहुणी हसली. "मी रागावले नाही. दवाखान्यात पाणी तापवायला गॅस परवडत नाही. धुणं आता एक दिवस आड. मला सुट्टी." मग आईच्या कपात चहा ओतत, "पगारपण एक दिवस आड."

रेडिओनं कप खाली ठेवला. त्याच्या दुपारभराच्या माफीची गरजच नव्हती, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला तसं वाटलेलं दिसलं नाही.

"मग ज्या दिवशी तुम्ही नाही त्या दिवशी?" सारंगानं विचारलं.

पाहुणीनं रेडिओकडं पाहिलं.

"मी?" रेडिओ म्हणाला.

"तुमचे कान चांगले आहेत," ती म्हणाली. "तुम्ही फक्त वापरत नाही."

*

शिकवणी पुढच्या बाकावर झाली. इंजिन बंद झालं की ती ओठांवर बोट ठेवी. रेडिओ तोंड मिटी. असा मिटी की गाल फुगत. पाणी बुडबुडत राही, ती मान हलवी, अजून नाही. "आता?" तो पुटपुटे. ती बोट उचली. "आता?" बोट. मग सरसर सुरू होई आणि ती त्याचं मनगट धरून वर उचली.

"मला काहीच फरक कळला नाही," तो म्हणे.

"कारण तुम्ही 'आता' म्हणत होता."

अंडीवाली मागून म्हणाली, "पोस्टात असत्या तर एवढ्यात बढती झाली असती बाईंची."

एक दिवस तिनं मनगट धरायच्या आधी त्याचा हात वर गेला. लाँच वळली. धक्का आला. मेहुण्यानं दोर टाकला आणि कुणीतरी टाळी वाजवली, अगदी हळू, दोन बोटांनी.

*

महिना संपला. ठेकेदार स्वतः धक्क्यावर आला, टाकीत काठी घालून पाहिली, काठी पुसली. "चालू दे तूर्त," म्हणाला. आवाज मोठा करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, पण सारंगाला त्याच्या तोंडावरून कळलं.

भाव काही उतरले नाहीत. अंडीवालीच्या टोपलीवरचं फडकं सपाटच राहिलं. रेडिओच्या मुलाला कायमचं असं काम मिळालं नाही. तो धक्क्यावर सामान उतरवायला येऊ लागला, हातमोजे घालून. तिकडची लढाई थांबली नाही. त्या देशाचं नाव मात्र लाँचवर आता सगळे एकसारखं घेत. पाहुणीनं एकदा, कुणी न विचारता, बरोबर उच्चारून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी ते लहान मुलांसारखं तिच्यामागून म्हटलं होतं.

सारंग कापसाचे बोळे आता खिशात ठेवी. येताना घाली, जाताना काढी. तिचा दिवस असला की उतरताना ती त्याच्याजवळून जाई, आणि त्याला काहीतरी म्हणायचं असे. तुमच्यामुळं, असं काहीतरी. पण ते वाक्य सुरू केलं की पुढं लढाई यायची. म्हणून तो नुसता धक्क्याकडच्या फळीवर पाय घट्ट ठेवून उभा राही, फळी हलू नये म्हणून. तिला तेवढं पुरत असावं. ती दरवेळी मान लववून फळीवरून जाई.

तिची सुट्टी असली की पुढच्या बाकावर रेडिओ. लाँच वाहते आहे, बाकांवर माणसं आपसांत हळू बोलत आहेत. तो पाठमोरा, ताठ, पाण्यानं ओला, एक शब्द न बोलता बसलेला. मग त्याचा हात वर जातो.

लढाई सुरू झाली त्या सकाळी पाहुणीच्या गावच्या नदीवरचा पूल पडला होता. पाहुणीचा भाऊ दिवसभर आपल्या होडीतून लोकांना अलीकडं आणत होता. आवाज होऊ नये म्हणून त्यानं इंजिन लावलं नव्हतं, आणि पाणी ऐकायला पुढं ती बसली होती. तो दिसला त्या शेवटच्या खेपेला त्यानं तिला आईजवळ काठावर उतरवलं, कारण पलीकडं अजून माणसं होती आणि तिच्या जागेवर आणखी एक बसू शकत होतं.